चुन्याचं कडं

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते त्या रागाने आणि त्याची सख्खी बहीण जी घाई, तिनेच केलेलं आहे. लखनौत आम्ही नऊ वर्षं काढली. तिथे भाजीवाला भैयासुद्धा 'नाही' म्हणायच्या आधी दोनदा 'जी' म्हणतो. मी पडले अमरावतीची. आमच्याकडे आधी बोलून मोकळं व्हायचं, विचार करायला मग अख्खी दुपार असते.

नवऱ्याची बँकेने लखनौला बदली केली तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आलमबागेत दोन खोल्यांचं घर मिळालं. सिव्हिल इंजिनिअरिंगची माझी पदवी ट्रंकेच्या तळाशी होती, ती मी वर काढली आणि जमीन मोजणाऱ्या एका छोट्या खाजगी कंपनीत नोकरी धरली. बाई दुर्बीण लावून उन्हात उभी राहणार म्हटल्यावर तिथले लोक आधी हसले. मी हसले नाही. आठवड्याभरात तेही हसायचे थांबले.

लखनौच्या अमौसी विमानतळाची धावपट्टी लांबवायची चर्चा तेव्हा सुरू होती. मोठी विमानं उतरायची तर पट्टी लांब हवी, यावर सगळ्यांचं एकमत. भांडण होतं ते कुठल्या बाजूला लांबवायची यावर. एका टोकाला गाव आणि आंब्याच्या बागा, दुसऱ्या टोकाला वस्ती आणि रहदारीचा रस्ता. काही जण तर म्हणत, हे सगळं सोडा आणि लांब कुठेतरी नवाच विमानतळ बांधा. गणपतीत मराठी मंडळी जमली की आरतीनंतर प्रसाद हातात पडायच्या आत हा विषय निघायचा. बँकवाले म्हणायचे, मुंबईला थेट मोठं विमान पाहिजे, चार झाडांचं काय घेऊन बसलात? हवाई दलातले एक काका म्हणायचे, "रस्ता वळवता येतो हो, झाड कसं वळवणार?" माझा नवरा मोदक संपेपर्यंत दोन्ही बाजूंना मान डोलवायचा. गंमत म्हणजे त्या खोलीत विमानात कधी बसलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आम्ही लखनौ सोडलं तोवर ती फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरतच होती.

आमच्या कंपनीकडे फक्त मोजणी होती. दोन्ही टोकांची जमीन मोजायची, उंच झाडं आणि खांब टिपायचे, नकाशे द्यायचे. निर्णय वरचे घेणार. मी मोजत होते ते टोक बागांकडचं.

तिथेच चाचा भेटले. मी दुर्बिणीपाशी उभी राहून आमच्या खलाशावर तोंडसुख घेत होते. खलाशी म्हणजे मोजणीच्या वेळी दूरवर पट्टी धरून उभा राहणारा माणूस, आमचा चांगला पन्नाशीचा होता. त्याने पट्टी तिरकी धरली होती आणि माझा पारा चढला होता. तेवढ्यात मागून एक हडकुळे गृहस्थ आले. अंगात पांढरा कुर्ता, चष्म्याला दोरा, एका हातात पाण्याचा लोटा आणि दुसऱ्यात गुळाचा खडा. म्हणाले, "बिटिया, धूप में ग़ुस्सा और चढ़ता है. पहले पानी पी लीजिए." मी प्यायले. खरंच उतरला. मग त्यांनी हळूच विचारलं, "किधर जा रही है?" धावपट्टीबद्दल विचारत होते ते, पण घरातल्या पोरीचं स्थळ कुठे ठरतंय हे विचारावं तसं. मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही, चाचा. त्यानंतर जेव्हा जेव्हा मी बागेत गेले तेव्हा आधी पाणी, मग गूळ, मग हाच प्रश्न.

चाळीस झाडांची बाग होती त्यांची, धावपट्टीच्या टोकासमोर. पट्टी या बाजूला वाढली तर सगळी जाणार. दुसऱ्या बाजूला वाढली तर थोडक्यात निभावणार. याचं कारण असं: धावपट्टीच्या टोकापासून एक न दिसणारं छप्पर कल्पायचं असतं, टोकाशी अगदी जमिनीलगत आणि लांब जाल तसं वर वर चढत गेलेलं. विमान त्या छपराच्या वरून उतरतं. कुठल्याही झाडाचं डोकं त्या छपरातून बाहेर येता कामा नये. माझं काम ते छप्पर आकडेमोडीने उभं करणं आणि कोणत्या झाडाचं डोकं त्याला लागतंय हे सांगणं.

पहिल्या रांगेत एक झाड होतं. चाचांच्या वडिलांनी कोय लावून वाढवलेलं. तसलं दुसरं कुठेच नव्हतं. मलिहाबादेकडचे, काकोरीकडचे सगळे आंबे संपले की श्रावणाच्या शेवटी हे झाड पिकायचं. फळ लहान, पिकलं तरी हिरवंच, कापलं की आत केशरी. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तोंडातून "अरे बाप्पा!" एवढंच निघालं. याचं कलम बागेबाहेर जाऊ द्यायचं नाही, ही वडिलांची ताकीद. बागेतल्या बागेत दुसरं करू, करू, असं चाचा वर्षानुवर्षं म्हणत राहिले आणि केलं नाही. हे झाड आपल्या मागेही उभं असणार याची त्यांना इतकी खात्री होती.

आणि त्या झाडाचं कलम चाचांनी मला दिलं. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत मी अमरावतीला निघाले होते, निरोप घ्यायला बागेत गेले, तर ओल्या पोत्यात गुंडाळलेली कुंडी माझ्या हातात. मी घाबरलेच. "चाचा, अब्बा की बात?" ते म्हणाले, "अब्बा ने कहा था, बाहर मत देना. बेटी बाहर की थोड़े ही होती है. और बिटिया मायके ख़ाली हाथ नहीं जाती." चारबाग स्टेशनापासून बडनेऱ्यापर्यंत ती कुंडी मी दोन पायांच्या मध्ये धरून नेली. शेजारच्या बर्थवरच्या बाईंनी पाय पसरले तेव्हा मी त्यांच्याशी भांडले, हेही खरं. बाबांनी ते कलम परसात, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर लावलं.

इकडे निर्णय काही होईना. वर्ष गेलं, सव्वा वर्ष गेलं. शेवटी ठरलं की लांबवायचं पुढचं पुढे, आजच्या धावपट्टीच्या छपरात जी झाडं घुसली आहेत तेवढी तरी काढून घ्या. मी मोजलं. सात झाडं बरीच वर गेली होती, ती तोडणं भाग होतं. चाचांचं ते झाड फक्त दोन हात वर होतं. मी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहून तासभर भांडले, की ते तोडायचं नाही, शेंडा छाटायचा. साहेब कंटाळून हो म्हणाले. आयुष्यात एवढ्या एका वेळी माझ्या रागाचा कुणाला उपयोग झाला. मी धावत जाऊन चाचांना सांगितलं, सात जातील, पण ते राहील, माझा शब्द. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सात झाडांसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या एकासाठी हसू.

आता माझी करणी ऐका. तोडायच्या झाडांवर लाल ऑइल पेंटने नंबर घालायचा आणि नंबरांची यादी लाकूडतोड्या ठेकेदाराला द्यायची, ही आमची रीत. लाल पेंट आला नव्हता. दिवाळी तोंडावर आलेली, दुसऱ्या दिवशीचं माझं चारबागहून तिकीट. खलाशी म्हणाला, "मैडम, पेंट परसों आ जाएगा, परसों कर लेंगे." मी उसळलेच. "परसों मैं ट्रेन में रहूँगी! चूना लाओ और लगाओ." गावात दिवाळीची रंगरंगोटी चाललेली, चुना हवा तेवढा. सात झाडांच्या बुंध्यांना चुन्याचं एकेक कडं काढलं आणि ठेकेदारासाठी एका चिठ्ठीवर खरडलं: सफ़ेद निशान वाले पेड़ काट दिए जाएँ. खाली सही. नंबरांची यादी मी परतल्यावर देईन म्हटलं. मी परत येईपर्यंत तोड सुरू होणार नाही, हे मी धरूनच चालले होते. कुणाला विचारलं होतं का? नाही.

दिवाळी झकास झाली. परसातलं कलम माझ्या कमरेला आलं होतं. बाबा रोज सकाळी त्याच्याशी काहीतरी बोलत असत.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी बागेकडे गेले. ऑटोतून उतरले आणि आभाळ जरा जास्तच दिसलं. मग खाली पाहिलं. सात नाही, एकोणीस बुंधे. पहिली रांग सगळी आडवी, दुसरी जवळजवळ सगळी. ते झाड पहिल्या रांगेत होतं. त्याचा बुंधा बसायच्या पाटाएवढा रुंद आणि ओला होता.

काय झालं होतं ते खलाशाने सांगितलं, माझ्याकडे न बघता. पावसाळा संपला की आंब्याच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना लावायची तिकडे पद्धत आहे, वाळवी लागू नये म्हणून. चाचा दरवर्षी लावायचे. या वर्षी त्यांनी कडी काढलेली सात सोडून दिली, जाणाऱ्या झाडांना वाळवीचं काय भय? जी राहणार होती त्या सगळ्यांना मात्र स्वतःच्या हाताने लावला, आणि नेहमीपेक्षा जाड. तोडायला माणसं येणार, साहेब लोक येणार, बाग नीटनेटकी दिसली पाहिजे, असं त्यांच्या मनात. मी गेल्यावर आठवड्याभरात ठेकेदाराची माणसं चिठ्ठी घेऊन आली. बघतात तर काय, सगळी बाग पांढरी. त्यांनी पुढच्या रांगेपासून कुऱ्हाड घातली. खलाशी सुट्टीवरून तिसऱ्या दिवशी आला आणि त्याने आरडाओरडा करून तोड थांबवली.

"आणि चाचा? चाचांनी अडवलं नाही?" मी विचारलं.

चाचांनी अडवलं नव्हतं. ठेकेदाराच्या माणसाने 'सगळी तोडायची आहेत' म्हणत त्यांना चिठ्ठी दाखवली होती. त्यांनी चष्मा पुसून ती वाचली, अक्षर ओळखलं आणि परत दिली. त्यांना वाटलं, निर्णय झाला. धावपट्टी इकडेच येणार, सगळं जाणार. "बिटिया ने लिखा है तो सोच-समझकर ही लिखा होगा," असं म्हणून त्यांनी त्या माणसांना चहा पाजला. मग आत जाऊन दार लावून घेतलं.

सोच-समझकर! मी! मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. चाचा बाहेर आले, हातात लोटा होता. म्हणाले, "आ गईं, बिटिया? मायके में सब ख़ैरियत?" मी तिथेच मातीत बसून रडले. सगळं सांगितलं, पेंट, तिकीट, चुना, सगळं. म्हटलं, चाचा, मला बोला काहीतरी, ओरडा माझ्यावर, दोन थोबाडीत द्या. त्यांनी आडव्या पडलेल्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो फ़ैसला नहीं हुआ था?" मी मान हलवली, नाही. त्यांचा हात लोट्यावर नुसता घट्ट झाला. ते ओरडले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते, तिथल्या तिथे विसरून मोकळी झाले असते.

कंपनीत मी लेखी दिलं, चूक माझी. मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण मेमोने झाड उगवत नाही. नवरा म्हणाला, "आता जे झालं ते झालं." मी त्याच्यासमोर ताट आपटलं. आणि ते ताट उचलतानाच डोक्यात आलं की आपल्या परसात ते कलम उभं आहे. त्या झाडाचं जगात उरलेलं एकच.

दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं तेव्हा त्या वर्षात पहिल्यांदाच त्यांनी गूळ दोनदा दिला. म्हणाले, अख्खं झाड उपटू नका, मरेल. पावसात दोन-चार काड्या आणा, मी इथे बांधतो.

जुलै उजाडला. मी चार दिवसांची रजा टाकून अमरावती गाठली, सकाळी पाच काड्या कापल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि संध्याकाळच्या गाडीत बसले. चाचांनी पाचही काड्या हातात घेऊन पाहिल्या, "माशाअल्लाह" म्हणाले आणि पाच रोपांवर बांधल्या. पंधरा दिवसांनी पाचही काळ्या पडल्या. मला वाटलं, माझं नशीबच फुटकं. मग खलाशाने सांगितलं. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी ती झाडावर असतानाच पानं खुडायची असतात, देठ तेवढे ठेवून. म्हणजे डोळे फुगतात आणि काडी धरते. माझ्या काड्या पानांसकट तोडलेल्या होत्या. "चाचा तो देखते ही समझ गए थे, मैडम. बोले, बिटिया इतनी दूर से लाई है, कैसे कह दूँ." सकाळभर उकिडवं बसून त्यांनी मेलेल्या काड्या बांधल्या होत्या, मला वाईट वाटू नये म्हणून.

आता मला राग आला तो असा, की तो काढायला जागाच नव्हती.

पुढच्या जुलैत मी पंधरा दिवसांची रजा घेतली. परसात गेले, सहा काड्या निवडल्या, एकेक पान खुडलं आणि बसून राहिले. दहा दिवस! मी दहा मिनिटं कधी कशासाठी थांबले नव्हते. रोज उठून आधी काड्या बघायच्या. बाबा खुर्चीतून हसायचे. "काहून एवढी तगमग करतेस? झाड काय पळून चाललं?" पाचव्या दिवशी मी म्हटलं, आता डोळे फुगल्यासारखे वाटतात, कापू का? बाबा म्हणाले, "काप. अन् मग पुढच्या वर्षी पुन्हा ये." मी कात्री ठेवून दिली. दहाव्या दिवशी कापल्या.

सहातल्या दोन धरल्या. चाचांनी मला निरोप पाठवून बोलावलं आणि बोटाने दाखवलं. तांबूस, नखाएवढी दोन पानं. मी हात जोडले, कुणाला ते मलाच कळलं नाही.

लावायची जागा चाचांनी शेवटच्या रांगेत निवडली, जिथे माझं ते छप्पर सगळ्यात उंच होतं. म्हणाले, बिटिया, इथे हे किती उंच होऊ शकतं ते मोजून द्या. मी दुर्बीण लावली, आकडे दोनदा तपासले. लाल पेंट यायला तीन दिवस लागले. मी थांबले. मग एका उंच बांबूवर स्वतःच्या हाताने लाल कडं काढलं आणि खलाशाने तो बांबू रोपांच्या मध्ये रोवला. रोपं होती वीतभर आणि कडं तिकडे वर, आभाळात.

चाचांनी मान मागे टाकून पाहिलं. "यहाँ तक पहुँचने में कितने बरस लगेंगे?"

"तीस तरी," मी म्हटलं.

धावपट्टी या बाजूला वाढली तर ते कडं खोटं ठरणार होतं, बांबूही जाणार होता आणि रोपंही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. त्यांनी चष्मा काढून कुर्त्याच्या टोकाने पुसला.

"बहुत हैं," ते म्हणाले. "तब तक तो साहब लोग भी तय कर लेंगे कि किधर जाना है."

मग खाली बसून त्यांनी रोपांच्या मुळाशी लोट्याने पाणी घातलं, आधी एकाला, मग दुसऱ्याला, आणि उरलेलं मला दिलं.